३४ लाख ७५ हजारांची चाबी

बुकिंगचे ५ लाख, मग १८ लाख, शेवटी ११,७५,०००. वरुड तालुक्यातला दोन एकर संत्र्याचा बगीचा विकून आलेला बाबांचा पैसा. बदल्यात थायलंडमधला व्हिला, आणि लाकडी हत्ती लटकवलेली एक चाबी.

मी ३० वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, अडाणी नाही. पण एसी हॉल, टाय लावलेली पोरं, वर "काका, बाबांच्या नावानं घ्या, पुढं वारसानं तुमचंच." कोणाला शंका आली असती?

मलाच यायला हवी होती. करारात बाबांच्या नावापुढं 'लेसी' छापलं होतं. माझं बोट तिथं थांबलं, मी विचारलंही. पोरगं म्हणालं, "तिकडं मालकाला तसंच म्हणतात." आणि मी, इंग्रजीच्या मास्तरनं, मान डोलावली! लेसी म्हणजे मक्तेदार. मक्त्यानं वावर करणाऱ्याला आपण कधी मालक म्हणतो का? इथं अर्धा एकर घेताना सातबारा, फेरफार, धुरा सगळं तपासतो. तिकडचा सातबारा म्हणजे चानोत. तो एकदाही मागितला नाही.

बाबा गेले, वारस लावायला निघालो तेव्हा कळलं. परदेशी माणसाच्या नावावर तिथं जमीन होत नाही. फ्लॅट होतो, तोही परदेशी लोकांचा हिस्सा इमारतीच्या ४९ टक्क्यांच्या आत असेल तरच. मक्ता जास्तीत जास्त ३० वर्षांचा. '३० अधिक ३० अधिक ३०', म्हणजे नव्वद वर्षांचा मक्ता, असं ऐकलं की उठून या. तीन वर्षांवरचा मक्ता तिथल्या भूमी कार्यालयात नोंदवला नाही तर तीनच वर्षं चालतो. आमचा नोंदवलाच नव्हता. शिवाय मक्तेदार मेला की मक्ताही सहसा संपतो. कसला वारसा!

पोलीस ठाण्यात म्हणाले, "घर तिकडं, मंग इथं कायले आले?" अहो, पैसे तर इथल्याच खात्यात भरले! (हीही माझीच चूक. "टीसीएस वाचते", म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर, म्हणून एजंटच्या खात्यात टाकले. पैसा बँकेतून, थेट विकणाऱ्याच्या नावानंच पाठवा.) ठाण्यानं जिल्ह्याला धाडलं, जिल्ह्यानं वर, वरच्यांनी परत ठाण्यात. सहा चकरा, पोच एकच, तीही शिक्क्याविना. १ जुलै २०२४ पासून गुन्हा दखलपात्र असेल तर हद्दीचं कारण सांगून एफआयआर नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मीच वाचून दाखवलं. "तुमी वकील हाये का?"

मागच्या सोमवारी ठाण्यातून फोन आला. वाटलं, हलले एकदाचे. म्हणे, ती चाबी जमा करा, अन् कागदांच्या तीन झेरॉक्स आणा, इथली मशीन बंद आहे.