रेड फाईव्ह सांगून रेड झीरो गळ्यात मारलं

नॅस बॉक्स, म्हणजे बऱ्याच हार्ड डिस्क एकत्र बसवून नेटवर्कवरून वापरायचा डबा, घेतलाय किंवा घेणार आहात तर आधी जागा किती दिसते ते बघा, मी बघितली होती आणि उलट खूश झालो होतो, तिथेच सगळं फसलं.

फोंड्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ, लग्नं, मुंजी, जत्रा, शिगमो सगळं शूट करतो. सुट्या हार्ड डिस्कांचा ढीग झाला म्हणून म्हापशातल्या एका दुकानातून चार डिस्कचा बॉक्स घेतला, प्रत्येक डिस्क ४ टीबी. माझी एकच अट, एखादी डिस्क मेली तरी फोटो जाता कामा नयेत. दुकानदार म्हणाला, "पात्रांव, रेड फाईव्ह करून देतो, निवांत झोपा." रेड म्हणजे बऱ्याच डिस्क जोडून एकच मोठी डिस्क असल्यासारख्या वापरायची पद्धत, फाईव्ह, झीरो हे तिचे प्रकार. बिलावर पण तसंच लिहिलं, सेटिंगचे २५०० वेगळे.

घरी लावला तर १४.५ टीबी. अरे वा, भरपूर जागा! आता कळतं, रेड फाईव्हमध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे मेलेल्या डिस्कचा डेटा परत बनवता येईल अशा जादा माहितीला जाते, म्हणजे १६ मधले १२ उरतात आणि कॉम्प्युटर त्याच्या हिशोबाने ते १०.९ च्या आसपास दाखवतो. १४.५ म्हणजे चारही डिस्क पूर्ण, म्हणजे रेड झीरो, फाईलचे तुकडे करून चारही डिस्कवर पसरवलेले, स्पीड मस्त पण एक गेली की बाकीच्या तीन म्हणजे नुसते ठोकळे.

आठ महिन्यांनी एक डिस्क टकटक करायला लागली, दुसऱ्या दिवशी सगळं गायब. दुकानदार म्हणतो तुम्हीच जास्त जागा मागितली होती! मग ओळखीच्या पोराने उरलेल्या तीन डिस्कांचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, काढला, ३१ हजार तास चाललेल्या. माझ्याकडे रात्रंदिवस चालू ठेवल्या तरी सहा हजार होत नाहीत. सिरीयल नंबर कंपनीच्या साईटवर टाकला तर वॉरंटी मी घ्यायच्या आधीच संपलेली, बिलावर मात्र "नवीन". हे तास पुसता पण येतात म्हणे, त्यामुळे सिरीयल नंबर दुकानातच तपासा, आणि डेटा भरायच्या आधी दुकानदारासमोर एक डिस्क खेचून बघा, रेड फाईव्ह असेल तर बॉक्स बोंबलेल पण फाईल उघडेल.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकलीय. रिकव्हरीवाले दीड लाख सांगतात, तेही गॅरंटी नाही. दोन लग्नांचे जेपीईजी अल्बमवाल्याकडे सापडले. तिसरं लग्न शिरोड्याचं, त्या नवरीच्या वडिलांचा फोन आला की अजून उचलत नाही.