चार तासांची स्कूटर आणि डिक्कीतली फळी

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत. पण पुन्हा गेले तर भाड्याची स्कूटर तिथूनच घेईन.

वन्सं आणि मी, दोघीच. समुद्रकाठचं गाव, हाताशी एक संध्याकाळ आणि रिक्षातून ठरलेल्या चार जागा ‘करून’ यायचा दोघींनाही कंटाळा. म्हणून बिनगिअरची स्कूटर घेतली, साडेतीन ते साडेसात.

टाकीचा काटा लाल रेघेला टेकलेला. “पंप जवळच आहे, काकू,” मुलगा म्हणाला. होता जवळ, पण समुद्राच्या उलट दिशेला, आणि रांग. पहिली पंचवीस मिनिटं तिथेच गेली. मागच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकेना. “राहू द्या हो वहिनी, हळूच तर जायचंय,” इति वन्सं. मी नाही राहू दिलं. दुसरं मागितलं, कुरकुर न करता मिळालं. मागचा ब्रेक दाबला की लिव्हर आळोखेपिळोखे देत जागेवर येत होती. खाऱ्या हवेत केबल गंजते, म्हणून समुद्रकाठी गाडी घेताना मी आधी दोन्ही लिव्हर दाबून बघते. मुलानं तिथल्या तिथे तेल सोडलं, दहा-बारा वेळा दाबून दाखवली. इथे पूर्ण मार्क.

बेत मी सूर्यास्तापासून उलटा मोजत आखते. तो होता सात वाजायला दहा कमी असताना, आणि ओहोटी त्याच सुमारास. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘गेल्या खेपेला संध्याकाळी किती मोठी पुळण होती’ ही आठवण काही कामाची नसते. आदल्या रात्री मोबाइलवर बघून ठेवलं होतं. किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे ना, हेही बघावं. एकदा मी दोन तास चुकीच्या बाजूच्या समुद्राकडे बघत बसले होते.

तर आधी दीपगृहाचा चढ. डबलसीट घेऊन गाडी कण्हत चढली, पण चढली. वरून सगळं गाव पसरलेलं दिसतं, आणि मग कुठे जायचं ते नकाशा न बघता ठरतं. आम्ही होड्या ओढून ठेवलेली बाजू धरली. गल्ल्या इतक्या अरुंद की वन्संचा गुडघा एका वाळत घातलेल्या जाळ्याला घासून गेला. चारचाकीतून हे सगळं दिसलंच नसतं.

एक मात्र सांगते. किनाऱ्यालगतच्या वळणांवर डांबरावर वाळूचा पातळ थर असतो, समोरून उन्हात दिसतही नाही. स्कूटरची चाकं लहान, त्यात मागे माणूस. वेग वळणाआधीच कमी करायचा, वळताना पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. माझं मागचं चाक एकदा सरकलंच. वन्सं पुढे दहा मिनिटं गप्प होत्या, हा फायदा.

पुळणीशी गाडी लावायची तर साइड स्टँड वाळूत रुतणार. डिक्की उघडली तर आत तळहाताएवढी चौकोनी फळी, मध्यभागी स्टँड टेकून टेकून पडलेला खळगा. ती खाली ठेवली, गाडी हलली नाही. रेनकोट नव्हता, पुसायला फडकं नव्हतं, पण ही फळी होती. कुणीतरी स्वतः गाडी आडवी पडलेली पाहिली असणार.

मोठी तक्रार वेळेची. सूर्य बुडाला की लोक उठतात, पण खरे रंग त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत चढतात. ते बघून उठलो आणि मग धावपळ. अंधार झालेला, हेडलाइटचा झोत रस्त्यावर कमी आणि झाडांच्या शेंड्यांवर जास्त. दिवसाउजेडी घेतलेल्या गाडीचा दिवा कोण तपासतं? तपासा. आणि सकाळी परत केली तर चालेल का, हे आधीच विचारून ठेवा. आम्ही निघताना विचारलं, तेव्हा “चाललं असतं की, काकू” असं उत्तर मिळालं.

परत दिली तेव्हा मुलानं ओरखडे पाहिले नाहीत, टाकीही पाहिली नाही. डिक्की उघडून फळी आहे ना, तेवढं बघितलं.