हीटिंगचं पाणी काढायचा १५ मिमी ड्रेन कॉक : ‘टाइप ए’ की ‘टाइप बी’?

ब्रिटनमधल्या बऱ्याच घरांत तळमजल्याची जमीन काँक्रीटची असते. मग हीटिंगचे, म्हणजे रेडिएटरला गरम पाणी नेणारे पाईप वरच्या मजल्याच्या फळ्यांखालून फिरवून भिंतीवरून एकेका रेडिएटरपाशी उतरवलेले असतात. अशा घरात बॉयलरजवळच्या एकाच ड्रेन कॉकने (पाणी काढायच्या छोट्या नळाने) सगळं पाणी निघत नाही, ते प्रत्येक उतरत्या पाईपच्या तळाशी अडून राहतं. म्हणून तिथे वेगळा कॉक बसवणं अगदी योग्य.

दुकानात बीएस २८७९ या ब्रिटिश मानकाचे पितळी कॉक दोन प्रकारांत मिळतात. ‘टाइप बी’ला ग्लँड, म्हणजे स्पिंडलभोवतीची (फिरवायच्या दांड्याभोवतीची) गळतीरोधक बांधणी नसते. तो उघडला की पाणी तोटीतून येतंच, शिवाय स्पिंडलच्या आट्यांमधूनही वर चढतं. हे पाणी रेडिएटरच्या गंजाने काळं झालेलं असतं आणि गालिच्यावरचा त्याचा डाग सहसा जात नाही. ‘टाइप ए’मध्ये स्पिंडलभोवती पॅकिंग आणि वर ग्लँड नट असतो. किमतीतला फरक किरकोळ आहे, तेव्हा ‘ए’च घ्या.

दोन्हींचा कच्चा दुवा एकच, आतला रबरी वॉशर. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो कडक होतो आणि सीटला (तो ज्यावर दाबून बसतो त्या कडेला) चिकटतो. स्पिंडल फिरतो, पाणी मात्र येत नाही. जोर लावला तर वॉशर फाटतो आणि कॉक पुन्हा बंद होत नाही. जादा वॉशर घरात ठेवाच. स्पिंडल एक-दोन फेरेच उघडा. पूर्ण काढला तर आतल्या दाबापुढे परत बसवणं कठीण.

बसवताना बॉयलर बंद करून सिस्टिम थंड होऊ द्या आणि आधी आहे त्या कॉकने जमेल तेवढं पाणी काढा. माळ्यावर टाकी असेल तर तिचा पुरवठा आधी बंद करा. उरलेल्या पाण्यासाठी खाली पसरट ट्रे हवाच. कॉम्प्रेशन टी (नट आवळून बसवायचा तीन तोंडांचा जोड) पाईपशेजारी धरून आतल्या, पाईप जिथे अडतो त्या दोन्ही थांब्यांमधलं अंतर मोजा, तेवढाच तुकडा कटरने कापा आणि कडा साफ करा. पाईप बाजूला सरकत नसेल तर साधा टी आत जाणारच नाही, तिथे पाईपवर सरकवता येणारा स्लिप टी घ्या. ऑलिव्हला (नटाखालच्या पितळी कड्याला) थोडं जॉइंटिंग कंपाउंड (सांध्याची पेस्ट) लावा, नट हाताने घट्ट करून पान्याने साधारण एक फेरा द्या. टी दुसऱ्या पान्याने धरला नाही तर पाईप पिळला जातो. कॉकचं शेपूट टीच्या मोकळ्या तोंडात बसतं; तोटी अशी वळवा की होज सरळ चढेल आणि क्लिप आवळता येईल.

पुन्हा पाणी भरताना, माळ्यावर टाकी नसलेल्या बंद (सील्ड) सिस्टिमचा दाब थंड असताना १ ते १.५ बार ठेवा, हवा काढा, इनहिबिटर (गंजरोधक रसायन) नव्याने घाला. काढलेलं पाणी सांडपाण्याच्या गटारातच सोडा, पावसाच्या नाल्यात किंवा बागेत नको.

रेडिएटरचा व्हॉल्व्ह तसाही बदलायचा असेल तर ड्रेन जोडलेला लॉकशील्ड व्हॉल्व्हच (रेडिएटरचा टोपीखालचा, एकदा जुळवून ठेवायचा व्हॉल्व्ह) घ्या, मग टीसाठी पाईप कापावा लागत नाही.