मांजरपाटाची पिशवी, ८० रुपये: सांबार सोडून सगळं झेलते

मागच्या पोळ्याला नागपुरात गोकुळपेठ बाजाराजवळ एका बचत गटाच्या स्टॉलवरून घेतली. कोरा मांजरपाट, छाप-बिप काही नाही. ८० रुपये ऐकून हे म्हणाले, "एवढ्यात कांदे आले असते!" त्याआधी एका दुकानात 'कापडी' म्हणून रंगीत पिशवी दाखवली होती. ती नॉन-वोवन, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, पुन्हा प्लास्टिकच. १८७७ ची एम्प्रेस मिल ज्या गावात होती, तिथे कापडी पिशवी शोधत फिरावं लागतं बाप्पा.

दोन किलो कांदे, दोन किलो आलू, वर दुधी, एवढं आरामात मावतं. बंद मात्र फार लांब. माझ्यासारखीच्या गुडघ्याला पिशवी लागते, म्हणून गाठ मारली. तिसऱ्या आठवड्यात एक बंद उसवला, कारण एकाच टिपेवर भागवलं होतं. घरी चौकोन मारून मधे फुली घातली, तेव्हापासून हललेला नाही. पहिल्या धुण्यात दोन बोटं आटली.

खरी पंचाईत ओल्या मालाची. भाजीवाले सांबारावर (पुण्याकडच्यांनी कोथिंबीर वाचावं) सारखं पाणी मारतात. घरी येईस्तोवर पिशवीचा तळ ओला, लिंबं मातीने माखलेली. इथेच पन्नी (म्हणजे प्लास्टिकची पातळ पिशवी) जिंकते. राज्यात २०१८ पासून बंदी, पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड, तरी "काकू, पन्नी देऊ का?" म्हणत पोत्याखालून निघतेच. एक कप्पा आत शिवला असता तर काय बिघडलं असतं? मी जुन्या सुती पातळाचा तुकडा ठेवते, त्यात सांबार गुंडाळते.

कापूस पिकवायला, कापड विणायलाही पाणी-वीज लागतेच. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११ चा अहवाल मुलाने वाचून दाखवला: एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा तापमानवाढीच्या हिशेबात सरस ठरायला सुती पिशवी १३१ वेळा तरी वापरावी लागते. त्या दिवसापासून कॅलेंडरच्या मागे रेघा मारते. आधीच्या खेपा आठवून धरल्या. आज ९४.

परवा स्टॉलवाल्या ताईंनी निळ्या काठाची नवी दाखवली. कप्पा होता आत! मन झालं होतं. म्हटलं, थांबा, हिचे अजून ३७ राहिले.