न्हावा शेवातली पाच कंटेनर टर्मिनलं: बुकिंगआधी काय पाहावं

न्हावा शेवा (जेएनपीए) बंदरातून पहिल्यांदाच माल पाठवणारा हमखास विचारतो, "पाचांपैकी चांगलं टर्मिनल कोणतं?" पण टर्मिनल निर्यातदाराच्या हातात नसतं, ते शिपिंग लाइन, म्हणजे जहाज चालवणारी कंपनी, ठरवते. तुम्ही जहाजाची सेवा निवडता आणि तिच्याबरोबर टर्मिनल येतं. म्हणून दोन लाइनींचे दर समोर असतील, तर जहाज कोणत्या टर्मिनलला लागतं हे दोघांनाही विचारा. पन्नास डॉलरचा फरक तिथेच फिटू शकतो.

धक्क्याच्या लांबीत बीएमसीटी (भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्स) सगळ्यांच्या पुढे आहे. सिंगापूरच्या पीएसए कंपनीचं हे टर्मिनल २०१८ मध्ये सुरू झालं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन झाल्यावर धक्का २००० मीटर झाला. एका वेळी अनेक मोठी जहाजं लागू शकतात, त्यामुळे एकाला उशीर झाला तरी पुढच्याची रांग कमी वाढते. शिवाय इथलं रेल्वे यार्ड रेल्वेच्या खास मालवाहू कॉरिडॉरच्या दीड किलोमीटर लांब गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बांधलंय. नागपूरकडून रेल्वेने माल आणणाऱ्याने तरी सेवा जुळत असेल तर मी बीएमसीटीच घ्यायला सांगेन.

जीटीआय (गेटवे टर्मिनल्स इंडिया) २००६ पासून चालू आहे. धक्का ७१२ मीटर, मालकी मर्स्क या शिपिंग लाइनीच्या समूहातल्या एपीएम टर्मिनल्सची आणि रेल्वेच्या कॉनकॉर कंपनीची. एनएसएफटी (न्हावा शेवा फ्रीपोर्ट टर्मिनल) म्हणजे बंदराचं पूर्वीचं स्वतःचं टर्मिनल. २०२२ मध्ये ते जे. एम. बक्षी आणि सीएमए सीजीएम या शिपिंग लाइनीच्या सीएमए टर्मिनल्सकडे गेलं. धक्का ६८० मीटर. कोणत्या लाइनीचं नातं कुठे आहे, याचा अंदाज या मालकीवरून येतो, पण सेवा बदलत राहतात, तेव्हा अंदाजावर बुकिंग करू नका.

दुबईच्या डीपी वर्ल्डची दोन टर्मिनलं आहेत. एनएसआयसीटी हे देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल, १९९९ पासूनचं, ६०० मीटरचं. एनएसआयजीटी ३३० मीटरचं. तिथे एक मोठं जहाज लागलं की धक्का जवळपास भरतो, म्हणून तिथल्या सेवेचं वेळापत्रक जरा जास्त बारकाईने तपासा.

नाशिकच्या द्राक्षांचं गणित मात्र वेगळं. बाग ते धक्का हा प्रवास रस्त्याचा, त्यामुळे रेल्वे यार्डाला महत्त्व नाही. पाहायचं ते गेट कधी उघडतं, कट-ऑफ (कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ) कधी आहे आणि ते जहाज वेळ किती पाळतं. रीफर (माल थंड ठेवणारा कंटेनर) गेटमध्ये गेला आणि जहाज लांबलं, तर प्लगचे, म्हणजे त्याच्या वीजजोडणीचे, पैसे चढतात, आणि त्याहून वाईट म्हणजे फळाचं आयुष्य धक्क्यावरच सरतं. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जहाजं युरोपला जात होती, तेव्हा हेच जास्तीचे दिवस बागायतदारांना जड गेले. अशा वेळी थोडा महाग, पण कमी ठिकाणी थांबणारा मार्ग घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

कंटेनर पॅकहाऊसमध्येच भरून ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावलं, तर सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, न जाता थेट बंदरात नेता येतो. कस्टम्सचे सोपस्कार बंदराच्या पार्किंग प्लाझात उरकतात. ही सोय वापरायची असेल तर कागद आदल्या दिवशी तयार हवेत. सीएचएला, म्हणजे तुमच्या कस्टम्स एजंटला, हे बुकिंगच्या वेळीच सांगा, ट्रेलर निघाल्यावर नाही.

माल कंटेनरमध्ये बसणाराच नसेल, म्हणजे पोलादाच्या कॉइल, अवजड यंत्रं, गाड्या, तर ही पाचही नावं बाजूला ठेवा आणि मुंबई बंदराच्या इंदिरा डॉकचा दर मागवा.

दर मागवताना टीएचसी, म्हणजे टर्मिनलवर कंटेनर हाताळण्याची रक्कम, वेगळी लिहून घ्या. ही रक्कम निर्यातदाराला लाइन लावते, टर्मिनल नाही. कमी भाड्याच्या कोटेशनमध्ये ती खाली कुठेतरी दडलेली असते. दोन्ही कोटेशनांत भाडं, टीएचसी आणि रीफरच्या प्लगचे मोफत दिवस या तीन ओळी शेजारी मांडा, मगच होकार द्या.