एक्स्पोजर की ईएमडीआर? अपघातानंतरच्या उपचारांबद्दल, नाशिकमधून

प्लास्टर निघालं, एक्स-रे स्वच्छ आला, डॉक्टर म्हणाले आता गाडी चालवायला हरकत नाही. तरी कसारा घाटाचं नाव निघालं की तळहात ओले होतात. असं असेल तर पुढचं तुमच्यासाठी. पहिल्या महिन्यात हे बहुतेकांना होतं आणि पुष्कळांचं आपोआप ओसरतं, म्हणून पीटीएसडीचं (आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचं) निदानही महिना उलटल्याशिवाय करत नाहीत. महिना कधीच उलटलाय आणि उपचार घ्यायचे हे तुमचं ठरलंय, असं मी धरून चालतो. प्रश्न उरतो तो दोन उपचारांतल्या निवडीचा: एक्स्पोजर, म्हणजे भीतीच्या आठवणीला पुन्हापुन्हा सामोरं जाणं, की ईएमडीआर, म्हणजे आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवणं.

माझं अंगच आधी बोलायला लागलं. खांदे कायम वर चढलेले, जबडा आवळलेला, पोट बिघडलेलं, पहाटे तीनला टक्क जाग. मी पित्ताच्या गोळ्या घेत होतो आणि मानेला शेक देत होतो. नाशिक ढोल ऐकून लहानपणापासून पाय थिरकायचे, पण त्या गणपतीत मिरवणूक मेन रोडला लागायच्या आत मी घरात होतो. अ‍ॅमिग्डाला हा मेंदूतला धोका ओळखणारा भाग एकदा चढा राहिला, की साध्या आवाजालाही अ‍ॅड्रेनलिन सुटतं, स्नायू सैल पडत नाहीत आणि पचन मागे पडतं. कॉर्टिसॉल मात्र वाढलेलंच असेल असं नाही. रेचल येहुदा यांच्या संशोधनात पीटीएसडीच्या कित्येक रुग्णांमध्ये ते उलट कमी सापडलं. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुला काही झालेलं नाही’ हे घरच्यांचं वाक्य फार मनावर घेऊ नका.

गोळ्या आणि योगाबद्दल थोडक्यात. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांचा उपयोग होतो, पण ते मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचं. ओळखीतल्या कुणी झोपेची गोळी सुचवली तर नको म्हणा, त्यातल्या काहींची सवय लागते आणि मूळ दुखणं तिथंच राहतं. योगाबद्दल बोस्टनच्या गटाचा २०१४ चा एक अभ्यास आहे. इतर उपचारांनी फरक न पडलेल्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्या गटाला दहा आठवडे योग दिला, आणि तो पूर्ण करणाऱ्या ३१ पैकी १६ जणी निदानाच्या बाहेर आल्या. दुसऱ्या गटात २९ पैकी ६. आकडे लहान आहेत, पण जोडीला योग असावा असं मलाही वाटतं. नुसत्या योगावर मी राहिलो नसतो.

आता मूळ प्रश्न. प्रोलाँग्ड एक्स्पोजर ही एडना फोआ यांची पद्धत, आणि पुराव्याच्या बाबतीत ती भक्कम आहे हे आधी मान्य करतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१७ च्या शिफारशींत ती पहिल्या रांगेत होती, ईएमडीआर त्याखालच्या. उलट जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये ईएमडीआर आणि आघातावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वर्तनावर काम करणारी थेरपी, एक्स्पोजर त्यातच मोडतं) या दोन्हींची शिफारस केली, आणि ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१८ मध्ये युद्धाशी संबंध नसलेल्या आघातांसाठी ईएमडीआरला जागा दिली. रस्त्यावरचा अपघात त्यातच येतो. थोडक्यात, कागदावर यातली कुठलीही एक निवडलीत तरी कुणी तुम्हाला वेड्यात काढणार नाही.

मी सुरुवात एक्स्पोजरनं केली. दीडेक तासाची बैठक, डोळे मिटून सगळं वर्तमानकाळात सांगायचं: ट्रक येतोय, ब्रेक लागत नाहीये, काच फुटतेय. खोलीत ते झेपत होतं, समोरची व्यक्ती सांभाळून घेत होती. पण तेच मोबाइलवर रेकॉर्ड करून रोज घरी ऐकायचं असतं, आणि माझं घोडं तिथं अडलं.

आमचा इंदिरानगरातला फ्लॅट वन बीएचके. बेडरूममध्ये आई, हॉलमध्ये मी, आणि भिंती अशा की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात. इयरफोन होते, तो प्रश्न नव्हता. पण ऐकताना माझा श्वास वाढायचा, चेहरा उतरायचा, आणि आई चहा घेऊन समोर उभी. ती काही विचारायची नाही. संध्याकाळी मात्र मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. मग मी पार्किंगमध्ये जाऊन ऐकायला लागलो, तिथं वॉचमनकाकांना काळजी. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर गेलो तर ओळखीचे लोक थांबवून गप्पा मारणार. ऑफिसात प्रश्नच नाही. रोज पाऊण तास एकट्यानं घाबरायला आमच्यासारख्याला जागा लागते, आणि ती नाशकात भाड्यानं मिळत नाही. ऐकणं टळायला लागलं. थेरपिस्टनी अगदी सौम्यपणे सांगितलं की गृहपाठ झाला नाही तर गुण येणार नाही. त्यांचं खरंच होतं.

ईएमडीआरमध्ये तसा गृहपाठ नाही. आठवण मनात धरायची, अंगात ती कुठं जाणवतेय ते सांगायचं, आणि थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे डावीकडून उजवीकडे फिरवायचे. घटना तपशीलवार सांगायचीही सक्ती नाही. पहिल्यांदा हा प्रकार जादूटोण्यासारखा वाटतो, खोटं कशाला बोलू. फ्रान्सिन शपिरो यांना १९८७ मध्ये बागेत फिरताना हे सुचलं आणि १९८९ मध्ये त्यांनी पहिला अभ्यास छापला. डोळे फिरवल्यानं नेमकं काय होतं यावर अजून वाद आहे. पटण्यासारखं एक स्पष्टीकरण असं, की नजर हलवण्यात चालू स्मृतीची, म्हणजे त्या क्षणी मनात काही धरून ठेवण्याची, ताकद खर्च होते, त्यामुळे आठवणीच्या चित्राची धार कमी होते. भूजच्या २००१ च्या भूकंपानंतर या पद्धतीचं प्रशिक्षण आपल्याकडेही पोचलं.

मला आधी छातीत दगड जाणवायचा, मग तो घशात सरकायचा, आणि एका बैठकीत खांदे आपोआप खाली आले. मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. पण त्यानंतर पित्ताची गोळी आठवणीनं घ्यावी लागली नाही आणि पहाटेची जाग हळूहळू पाचवर आली. हे एक्स्पोजरनंही झालं असतं का? कदाचित. अर्धवट सोडल्यामुळे माझं मत एकतर्फी असू शकतं.

एक गोष्ट मात्र मी एक्स्पोजरकडूनच घेतली. टाळलेल्या जागी पायरीपायरीनं जायचं. ईएमडीआरनं आठवण बोथट झाली तरी घाट आपण होऊन जवळ येत नाही. मी आधी पाथर्डी फाट्यापर्यंत गेलो, मग वाडीवऱ्हे, मग घोटीला जेवून परत, मग इगतपुरी. कसारा सगळ्यात शेवटी, आणि पहिल्या खेपेला शेजारच्या सीटवर.

स्वतःची खोली असेल, दार लावून बसता येत असेल आणि शिस्त अंगात असेल, तर एक्स्पोजर जरूर घ्या, त्याच्यामागचा पुरावा जुना आणि मोठा आहे. माणसांनी भरलेल्या घरात राहत असाल तर मी तरी ईएमडीआरकडे बोट दाखवीन. ती शिकलेले थेरपिस्ट कमी असतात, त्यामुळे फोनवरच विचारा की प्रशिक्षण पूर्ण झालंय का, आणि आधी सावरण्याची तंत्रं शिकवून मगच आठवणीला हात घालता ना. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही, पहिल्याच दिवशी सुरू करू’ असं आलं तर दुसरीकडे बघा. कुणाकडे जावं हेच सुचत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.