तबल्याचा ऑनलाइन वर्ग : बैठक दाखवायची की बोटं?

तबला ऑनलाइन शिकवायचा तर बैठक आणि बोटं दोन्ही दिसायला हवं, आणि तेही एकाच वेळी. लांबून घेतलेल्या चित्रात बैठक, खांदे, कोपर दिसतात. पण तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठच्या पट्टीवर, नेमकी कुठे पडली ते कळत नाही. जवळून घेतलं, तर डग्ग्यावर मनगट घासताना खांदा आखडलाय का, हे निसटतं.

एकच फोर-के वेबकॅम घेणं सगळ्यात सोपं वाटतं. ३८४०×२१६० च्या चित्रातून १९२०×१०८० चा तुकडा कापला तरी तो स्वच्छ असतो, हे खरं. पण कोन समोरचाच राहतो. तबल्याच्या कडेआड लपलेलं बोट कितीही मोठं केलं तरी दिसत नाही. गायनाच्या वर्गाला ठीक. तबल्याला मी हा पर्याय सुचवणार नाही.

दुसरा मार्ग स्वस्त आहे. लॅपटॉप बैठकीसाठी ठेवायचा आणि फोन स्टँडला लावून त्याच झूम मीटिंगमध्ये पुन्हा जॉइन व्हायचं. अपलोडचा भार वाढतो. माइक आणि स्पीकर एकाच उपकरणाचा चालू ठेवायचा, नाहीतर आवाज घुमतो. तो हातांवर रोखलेल्या फोनचा असू द्या. दोन्ही चित्रं मागेपुढे पोचतात, आणि आवाज त्याच उपकरणाच्या चित्राशी जुळतो. ‘तिरकिट’ आधी ऐकू आलं आणि बोटं नंतर हलली, तर मुलाला निकास, म्हणजे बोल हातातून कसा काढायचा ते, कळणार कसा?

तिसरा मार्ग ओबीएस स्टुडिओचा. अनेक कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र करणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात दोन्ही कॅमेरे एकाच चौकटीत बसवून व्हर्च्युअल कॅमेऱ्यानं झूमला देता येतात. माइक मात्र झूमलाच थेट जोडायचा. एखादा कॅमेरा मागे पडत असेल, तर दुसऱ्याला विलंब देऊन जुळवता येतो. विद्यार्थ्याला कुठलंच चित्र पिन करावं, म्हणजे पडद्यावर मोठं करून धरून ठेवावं लागत नाही. लॅपटॉप मात्र दमदार हवा. चौकटीचे दोन सारखे भाग करू नका, फोनवर बघणाऱ्याला दोन अरुंद पट्ट्या दिसतात. हात मोठे, बैठक कोपऱ्यात.

आठवड्याला एखादा वर्ग असेल तर फोन पुरेसा आहे. रोज शिकवत असाल, तर ओबीएस शिकायला लागणारा वेळ नक्की वसूल होतो.

हातांचा कॅमेरा कुठल्याही पर्यायात खांद्यामागून, वरून लावा. विद्यार्थ्याला स्वतःचे हात दिसतात तसेच तुमचे दिसतील. आणि झूममधला ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर डग्ग्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, गोंगाट समजून कापली जाते.